कुतैबाचा उजवा दिवा

गाडीचा मागचा दिवा उघडायचा तर आधी तो ओव्हनमध्ये भाजावा लागतो, एवढं हायेलला माहीत होतं. किती भाजायचा हे मात्र त्यानं मोबाइलवरच्या एका व्हिडिओवरून अंदाजानं ठरवलं, आणि घोळ तिथंच झाला. कडेचा काळा चिकटा मऊ पडून लाल काच अलगद सुटायला हवी होती. त्याऐवजी काचच वाकली, गळायला लागली, आणि घरभर असा वास सुटला की त्याची आई, उम्म हायेल, नमाज आटपून तशीच स्वयंपाकघरात धावली.

"अरे मेल्या, माझ्या भाकरीच्या ओव्हनमध्ये काय जाळतोयस?"

"दिवा आहे, युम्मा. गाडीचा."

"दिवा लावतात, हायेल. भाजतात कधीपासून?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच आठवलं. गेल्या वर्षी याच ओव्हनसमोर उभी राहून तिनं हेच शब्द धाकट्या कुतैबाला सुनावले होते. कुतैबानं हसत हसत तिच्या कपाळाची पापी घेतली होती आणि भाजलेला दिवा टॉवेलात गुंडाळून पळाला होता. त्याचा दिवा वाकला नव्हता. कुतैबाच्या हातून काही वाकायचं नाही. हायेल मोठा खरा, पण तो नगरपालिकेत कारकून. घरातला नळ गळला तरी फडकं गुंडाळून मोकळा होणारा माणूस. गाड्यांचं सगळं धाकट्याचं होतं.

दोघा भावांनी गाड्या मात्र जोडीनं घेतल्या होत्या. ज़रकाच्या मुक्त बाजारात अमेरिकेतून ठोकर खाऊन आलेल्या गाड्यांच्या रांगाच लागलेल्या असतात. तिथून एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन आणल्या. हायेलनं आपली होती तशीच ठेवली. कुतैबानं त्याच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर कितीतरी संध्याकाळी घालवल्या. आतून काळा रंग दिला, कडेनं लाल प्रकाशाची अशी बारीक रेघ बसवली की तो पुढं जात असला की कुणीही ओळखायचं, कुतैबा चाललाय.

तोच कुतैबा वसंतात खाली घोरच्या खोऱ्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर मेला. दिवस नुकताच मावळला होता. बाजारात टोमॅटो रिकामे करून परतणारा, गावातल्याच इनादचा ट्रक वळणावरून खाली आला आणि मागून त्याच्या गाडीवर आदळला. डावी बाजू चेपून गेली, गाडी खडकाला जाऊन भिडली. जे लोक आधी पोचले त्यांनी सगळ्यांनी एकच पाहिलं, की काचांच्या चुऱ्यात उजवा दिवा तसाच लालभडक जळतोय.

आणि इनाद म्हणत होता, पुढं लाईट नव्हता.

कोण ऐकणार त्याचं? एवढा मोठा दिवा डोळ्यांदेखत जळतोय आणि हा म्हणतो लाईट नव्हता. लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं, आंधळा म्हटलं, पिऊन चालवत होता असंही म्हटलं, जरी त्यानं आयुष्यात त्या पदार्थाचा वाससुद्धा घेतला नव्हता. ज्या घरात मरण दिलं त्या घराच्या नजरेस पडू नये, ही तिकडची रीत. इनादच्या घरच्यांनी बिऱ्हाड उचललं आणि घोरमध्ये त्याच्या सासुरवाडीला जाऊन राहिले. त्याची म्हातारी आई तिथल्या उकाड्यानं आजारी पडली, असं कानावर यायचं. कुणी हळहळायचं नाही.

आता थंडी तोंडावर आली होती आणि समेट व्हायचा होता. दोन्हीकडचे वडीलधारे मध्ये पडले. अबू हायेल म्हणजे हायेलचे वडील हे गावात मान असलेले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, रक्ताचा मोबदला नको, काही नको. एकच हवं. त्या पोरानं चार माणसांत उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की लाईट होता, मी पाहिला नाही. एवढं म्हटलं की मी त्याला मुलासारखा जवळ घेईन. इनादनं नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाला. शेवटी आईचं पाहून वाकला. तीन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारी जाहा, म्हणजे मध्यस्थांची मंडळी, त्याला घेऊन येणार होती.

त्या शुक्रवारपर्यंत हायेलला दिवे तयार हवे होते. भंगारात गेलेल्या गाडीतून त्यानं उजवा दिवा तेवढा मागच्या तारांसकट सोडवून आणला होता. तो आपल्या गाडीला बसवायचा, आणि त्याच्या जोडीला तसाच्या तसा डावा घरीच बनवायचा, असं त्यानं मनात घेतलं. पाहुणे अंगणात शिरतील तेव्हा गाडी पाठ करून उभी असेल आणि तिला कुतैबाचे दिवे असतील. यापलीकडं भावासाठी काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

पहिला डावा दिवा तर जळालाच. तीन-चार दिवस भाकरीला प्लास्टिकचा वास येत होता आणि अबू हायेल प्रत्येक घासाला मुलाकडं बघून मिशीवर हात फिरवत होते. "आज कुठला भाग शिजवलाय? आरसा का चाक?" असं त्यांनी एकदा विचारलंही. दुसऱ्या डाव्या दिव्याला मात्र हायेलनं शहाणपणानं घेतलं. ओव्हनचं दार किलकिलं ठेवलं, स्वतः समोर पाट टाकून बसला, आणि काच सुटली. आत काळा रंग मारला, रेघेसाठी बारीक दिव्यांची पट्टी चिकटवली, तारा झाळल्या. बोटं पोळून घेतली, पण जमलं.

जमलं म्हणजे बहुतेक जमलं. त्याच्या रेघेचा लाल रंग कुतैबाच्या लाल रंगाशी जुळेना. मग त्यानं अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल टाकलं, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून ठेवली आणि दोन्ही दिवे तिला जोडून शेजारी शेजारी लावले. रंगाचा फरक सांज पडतानाच नीट कळतो. मघ्रिबची, दिवस मावळतीच्या नमाजाची बांग नुकतीच संपली होती. हायेल खुर्ची टाकून दिव्यांकडं डोळे बारीक करून बघत होता, आणि कुतैबाचा दिवा विझला.

त्याला वाटलं, तार सुटली. उठून बघेपर्यंत दिवा लागला. तारा घट्ट होत्या. खुर्चीत बसला तर पुन्हा विझला. त्याचा स्वतःचा डावा दिवा बाजूला ढिम्म जळत होता.

मागं वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिनंही पाहिलं होतं. तिचा चेहरा बघून हायेल चपापला, कारण ती घाबरली नव्हती. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती.

"तो आलाय," ती म्हणाली.

"युम्मा, तार ढिली असेल."

"तार तुझी ढिली असेल. त्याची नसते."

दुसऱ्या दिवशी तिनंच आठवण केली. मघ्रिब झाली, दिवा लाव. हायेलनं सगळे जोड पुन्हा झाळले होते, टोकं घासून घेतली होती, तरी दिवा विझला आणि लागला. बराच वेळ लागून राहिला, मग एकदम दोनदा पापणी लवावी तसा मिटला. तिसऱ्या दिवशी शेजारची उम्म सितान मीठ मागायला आली आणि बघून दारातच बसली. चौथ्या दिवशी बायकांची रांगच लागली. भिंतीकडेला ओळीनं बसायच्या, माळा ओढायच्या, दिवा मिटला की "या रब्ब" म्हणून ओढणी तोंडावर घ्यायच्या. उम्म हायेल त्यांच्यात येत नसे. ती खिडकीतच उभी असायची, डोळे मिटून, ओठ हलवत, मूठ छातीशी धरून.

अबू हायेल चिडले. "गेलेला माणूस अल्लाकडं असतो, बॅटरीवर नसतो. बंद करा हा खेळ!" एवढं म्हणून ते आत निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची व्हरांड्यात होती आणि ती मांडवाकडं तोंड करून होती. 

हायेलचं काय सांगावं? माणूस शिकलेला होता, भुताखेतांवर हसणारा होता. पण अंगणात सगळे पांगले की तो त्या दिव्यासमोर बसून राही. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं हळूच विचारलं, "कुतैबा, तिथं थंडी वाजते का रे?" दिवा मिटला. पुन्हा लागला. हायेल तोंड हातात धरून रडला. भाऊ मेल्यावर तो रडला नव्हता. पाहुण्यांची उठबस करण्यात ते राहूनच गेलं होतं.

असंच चाललं असतं, पण तो लाल रंग जुळेना. आतली पट्टी कुतैबानं कुठल्या जातीची वापरली हे दिवा उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यातून मनात एक खुटखुट होती. आत काही सुटलेलं असलं तर? आईनं ऐकताच दोन्ही हातांनी दिवा पोटाशी धरला.

"त्याला भाजू नकोस."

"भाजत नाही, युम्मा. नुसती गरम हवा देतो."

"उघडलास आणि तो गेला, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

बुधवारी दुपारी ती शुक्रवारच्या मन्सफसाठी, पाहुण्यांच्या मटण-भातासाठी, सुकं ताक भिजवायला बसली, आणि हायेलनं उम्म सितानच्या मुलीकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं. काम हळूहळू केलं. कडेकडेनं ऊब देत गेला, चिकट्याचे धागे कापत गेला, आणि दिवस कलता कलता काच सुटली. आतलं काम बघून त्याला हेवा वाटला. एकही थेंब इकडचा तिकडं नाही, तारा वेणी घातल्यासारख्या. आणि त्या वेणीच्या टोकाला, काळ्या रंगात सहज न दिसणारी, काडेपेटीएवढी एक डबी. तिच्यातून रेडिओच्या एरियलसारखी एक बारीक तार निघून कुठंच न जोडता गुंडाळून ठेवलेली होती.

हायेलनं दिवा तसाच उघडा बॅटरीला जोडला. लाल रेघ उजळली. डबीवर मोहरीएवढा एक हिरवा ठिपका होता; तो चमकला, आणि रेघ विझली. पुन्हा चमकला, रेघ लागली.

मघ्रिबची बांग चालू होती. त्यानं मान वर केली. खिडकीत आई उभी होती, डोळे मिटलेले, मूठ छातीशी. मूठ आवळली. हिरवा ठिपका चमकला.

तो उठून खिडकीपाशी गेला. 

"युम्मा, हातात काय आहे?"

"त्याच्या किल्ल्या." तिनं डोळे उघडले. "दवाखान्यातून दिल्या होत्या. का?"

तिनं मूठ उघडली. गाडीची किल्ली, घराची किल्ली, आणि गाडीच्या कुलपाचं म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं एक काळं बटण. त्या दिवसापासून ती ते झग्याच्या गळ्याच्या आत, अंगाशी ठेवत होती आणि प्रार्थनेला उभी राहिली की हातात घेत होती. बटणावरचा रंग तिच्या अंगठ्यानं झिजला होता.

"ते दाब. दिव्याकडं बघून दाब."

तिनं दाबलं. दिवा विझला.

"आता पुन्हा."

लागला. ती पुन्हा दाबायला गेली नाही. बराच वेळ दिव्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मीच होते?"

हायेलला वाटलं, आपण हे करायला नको होतं. त्यानं गजांतून तिचा हात धरला.  तो काहीतरी समजुतीचं बोलायला गेला आणि अर्ध्यातच थांबला, कारण आता त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली होती.

चेपून गेलेल्या डाव्या दिव्यातही अशीच डबी असणार. दिवे विझवायचं बटण कुणी कशाला बसवतो? हायेलला माहीत होतं कशाला. घोरच्या रस्त्यावर संध्याकाळी पोरं खेळतात तो खेळ. गायब व्हायचं. पुढं निघून जायचं, वळणावर दिवे बंद करून अंधारात थांबायचं, मागचा दोस्त शोधत पुढं गेला की एकदम दिवे लावून त्याच्या मागं. त्यानं स्वतः रस्त्यावर पाहिलेलं होतं आणि घरी येऊन शिव्या घातल्या होत्या, ही कुणाची कार्टी म्हणून.

"युम्मा," तो म्हणाला, "इनाद खरं बोलतोय."

तिला कळायला वेळ लागला नाही. गाड्यांमधलं काही न कळणाऱ्या त्या बाईला ते लगेच कळलं, आणि तिनं हात सोडवून घेतला.

"लोकांनी दिवा जळताना पाहिला. सगळ्यांनी पाहिला."

"नंतर पाहिला. कसा लागला, मला सांगता येत नाही. धक्क्यानं लागला असेल."

"मग नाही सांगता येत तर गप्प बस."

"युम्मा, परवा तो पन्नास माणसांत उभा राहून खोटं बोलणार आहे. आपल्यासाठी."

"बोलू दे! त्याला जीभ आहे बोलायला. तो जिवंत आहे. त्याची आई त्याला जेवायला वाढते." तिचा आवाज चिरकला. "माझा गेला. आता वर तू त्याला गुन्हेगार करतोस? त्याचा भाऊ ना तू? काच लाव ती. लाव म्हणते ना."

हायेलनं काच लावली. काय करणार? बायका यायची वेळ झालीच होती. त्या ओळीनं बसल्या, माळा निघाल्या. उम्म हायेल खिडकीत येऊन उभी राहिली. दिवा मिटला, लागला. कुणीतरी हुंदका दिला. हायेलनं खिडकीकडं पाहिलं. आज तिचे डोळे उघडे होते आणि ती सरळ त्याच्याकडं बघत होती. अंगणात भूत नाही हे कळल्यावर त्याला जेवढी भीती वाटली, तेवढी भुताचीही वाटली नव्हती.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जाहा आली. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली. अंगणात लांब तंबू बांधला होता, खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मांडवाखालचं टेबल हायेलनं चादर टाकून झाकलं होतं. दिवे गाडीला बसवायचे राहिलेच. पुढं शेख ज़ाअल, शेजारच्या खोऱ्यातले, पांढऱ्या दाढीचे. त्यांच्या मागं दोन वडीलधाऱ्यांच्या मध्ये इनाद. हायेलनं त्याला अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिलं. कुतैबाच्याच वयाचा. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

कडू कॉफीचा पहिला पेला शेख ज़ाअलना दिला गेला. त्यांनी तो न पिता समोर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पेला उचलायचा नाही, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत असतं. 

"अबू हायेल," शेख म्हणाले, "तुमच्या दारात माफी मागायला आलोय. तुम्ही मोठे आहात."

"मागणं मान्य आहे, शेख. माझी एक अट तुम्हाला ठाऊक आहे. त्या मुलाला बोलू द्या, मग कॉफी प्या."

इनाद उभा राहिला. शाळेत पाठ केलेलं म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा तो जमिनीकडं बघत होता. "मी, इनाद," त्यानं सुरुवात केली आणि घसा खाकरला. "त्या संध्याकाळी माझ्या पुढं गाडी होती. तिला ला—"

त्याला शब्द फुटेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीला हात लावला. "तिला लाईट—"

"थांब," हायेल म्हणाला.

आपण बोललो हे त्याला स्वतःलाच उशिरा कळलं. सगळ्या माना वळल्या.

"हायेल, खाली बस," वडील म्हणाले.

"नाही बसत, याबा. त्याला खोटं बोलायला लावू नका. लाईट नव्हता. कुतैबानं बंद केला होता. त्याच्याकडं बटण होतं."

तंबूत कुजबुज उठली. अबू हायेल उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "भावाला गाडून वर्ष झालं नाही आणि तू परक्यांसमोर त्याच्यावर चिखल टाकतोस? कुठं आहे बटण? दाखव."

हायेल घरात गेला. आई स्वयंपाकघरात भाताच्या मोठ्या परातीजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर हायेल त्या क्षणी गावातला सगळ्यात नीच माणूस ठरला असता, मेलेल्या भावाची अब्रू घेणारा, आणि इनादला ते वाक्य पुरं करावं लागलं असतं. त्यानं हात पुढं केला. 

ती परातीकडंच बघत होती. "त्याचा घसा का अडकला रे?" तिनं विचारलं. "त्या पोराचा."

"त्याला खोटं बोलता येत नाही, युम्मा."

तिनं झग्याच्या गळ्यात हात घातला. किल्ल्या काढल्या, पण दिल्या नाहीत. ओढणी सारखी केली, आणि हायेलला बाजूला सारून स्वतःच बाहेर निघाली. पुरुषांच्या बैठकीत बाई सहसा जात नाही. ती गेली. माणसं दोन्ही बाजूंनी खुर्च्यांसकट सरकली. तिनं मांडवाखालच्या टेबलावरची चादर ओढली, हायेलला खूण केली, त्यानं तारा जोडल्या. दोन्ही दिवे लागले. तिनं हात उंच धरून बटण दाबलं. उजवा विझला. पुन्हा दाबलं. लागला. भिंतीपलीकडून बायका बघत होत्या. उम्म सितानच्या तोंडून एक अस्फुट आवाज आला, मग तोही थांबला.

"हे माझ्या मुलाचं काम," उम्म हायेल म्हणाली. "माझ्या ओव्हनमध्ये केलेलं."

 मग अबू हायेल आपल्या खुर्चीशी गेले, बसले, आणि कॉफी वाढणाऱ्याकडं हात केला. पेला आला. तो त्यांनी न पिता समोर जमिनीवर ठेवला आणि नजर इनादवर ठेवली. अर्थ लख्ख होता. आता माफीचं मागणं त्यांचं होतं, आणि द्यायचं इनादनं. शेख ज़ाअलनी डोळे पुसले.

इनाद मात्र पेल्याकडं बघतच नव्हता. तो दिव्याकडं बघत होता.

"काका, प्या," तो अबू हायेलना म्हणाला. "तुम्ही प्या. मला तुमच्याकडून काही नको. फक्त एक सांगू द्या. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तर लोक म्हणाले वेड लागलंय याला. म्हणून नंतर नाही बोललो. मलाच वाटायला लागलं होतं की वेड लागलंय."

"सांग, बेटा," शेख म्हणाले.

"वळणावर पुढं काळोख होता. काहीच नव्हतं. आणि अगदी समोर आल्यावर, ब्रेकवर माझा पाय पडला तेव्हा, एकदम लाल झालं. दिवे लागले. मी रोज तेच बघतो. झोपेत, जेवताना. आधी काही नाही आणि मग लाल."

उम्म हायेल दोन पावलं त्याच्याकडं आली.

"दोन्ही लागले?"

"दोन्ही, मावशी."

"आदळायच्या आधी?"

"आधी. थोडंच आधी."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. किल्ल्या तिच्या हातात होत्या आणि अंगठा त्या झिजलेल्या बटणावर होता.

"म्हणजे त्यानं दाबलं होतं," ती म्हणाली. "तू येताना त्याला दिसलास आणि त्यानं दाबलं होतं."

 इनादनं होकाराची मान हलवली. तेव्हा उम्म हायेल तिथंच, सगळ्या माणसांच्या मध्ये, जमिनीवर बसली, आणि ज्याच्या ट्रकनं तिचा मुलगा मेला होता तोच पुढं होऊन तिला धरायला खाली वाकला.